दोन चेंडूंमधले पाच सेकंद

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण तीनशे चेंडू टाकले जातात. प्रत्येक चेंडूमागे पाच सेकंद वाचले तर पंधराशे सेकंद होतात, म्हणजे पंचवीस मिनिटं. २०२३ मध्ये जवळपास एवढाच वेळ वाचला. २०२२ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायचा. पुढच्याच हंगामात तो २ तास ४० मिनिटांत संपू लागला. एकही इनिंग कापली नाही, एकही आउट कमी केला नाही. चेंडू जवळपास तितकेच पडले आणि धावा उलट वाढल्या. गेला तो फक्त दोन चेंडूंमधला रिकामा वेळ.

तेवढ्यानं मैदानं पुन्हा भरू लागली. २०२२ मध्ये या लीगच्या सामन्यांना सुमारे ६ कोटी ४५ लाख प्रेक्षक आले होते. २०२३ मध्ये ही संख्या ७ कोटींच्या वर गेली आणि त्यानंतरच्या दोन हंगामांतही ती चढतीच राहिली. एका खेळाचा प्राण अशा पाच-पाच सेकंदांमध्ये अडकलेला असावा, हे मला अजूनही थक्क करतं. हे कसं साधलं ते मुळापासून पाहण्यासारखं आहे.

ज्या खेळाला घड्याळच नव्हतं

आधी खेळाची अगदी थोडक्यात ओळख. हिऱ्याच्या आकाराच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार बेस, प्रत्येकी ९० फुटांवर. मधल्या उंचवट्यावरून पिचर ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटकडे चेंडू टाकतो. आपल्या क्रिकेटसारखा टप्पा नाही. चेंडू थेट हवेतून येतो. बॅटरनं फटका मारावा, पहिल्या बेसकडे धावावं आणि जमेल तसे पुढचे बेस गाठत घरी परतावं, की धाव पूर्ण. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा ठरलेल्या पट्ट्यातून येऊनही सोडलेले चेंडू, पडले की बॅटर बाद (स्ट्राइकआउट). चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले (चार 'बॉल') की त्याला पहिला बेस फुकट. तीन आउट झाले की डाव पालटतो. एका संघाला एकूण २७ आउट मिळतात आणि ते संपेपर्यंत सामना संपत नाही.

फुटबॉलची नव्वद मिनिटं भरली की शिटी वाजते. बास्केटबॉलमध्ये शेवटच्या मिनिटाला चेंडू धरून ठेवून वेळ काढता येतो. बेसबॉलमध्ये तशी सोय नाही. नऊ धावांनी मागे असलेल्या संघालाही, शेवटचा आउट पडेपर्यंत, जिंकण्याची पूर्ण संधी असते. घड्याळाच्या धाकातून मोकळं असणं हे या खेळाचं मोठं वैभव मानलं जायचं.

पण घड्याळ नसलं म्हणजे वेळ अमर्याद वाया घालवता येतो, हेही हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. १९७० च्या दशकात सामना साधारण अडीच तासांत संपायचा. २०२१ मध्ये तो ३ तास १० मिनिटांवर पोचला. त्या वर्षी साडेतीन तासांहून जास्त चाललेले नऊ इनिंगचे सामने शेकड्यांनी होते. 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं २०१३ मध्ये हातात घड्याळ घेऊन हिशेब मांडला, तेव्हा तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ, म्हणजे चेंडू हवेत आहे किंवा कोणी धावतं आहे असा वेळ, सुमारे १८ मिनिटांचा निघाला.

उरलेल्या वेळात काय चालायचं? पिचर उंचवट्यामागे फेरी मारायचा, चेंडू चोळायचा, होम प्लेटमागच्या कॅचरच्या खुणा नाकारायचा. बॅटर प्रत्येक चेंडूनंतर चौकटीबाहेर यायचा, हातमोज्यांच्या पट्ट्या सोडून पुन्हा घट्ट करायचा, बूट जमिनीवर आपटायचा. बॉस्टनचा नोमार गार्सियापारा मोज्यांच्या या चाळ्यांसाठीच प्रसिद्ध होता. क्लीव्हलँडच्या माइक हारग्रोव्हला तर लोकांनी 'चालताबोलता पावसाचा व्यत्यय' अशा अर्थाचं टोपणनाव दिलं होतं. एकट्या हारग्रोव्हची गंमत वाटायची. पुढे प्रत्येक संघात नऊच्या नऊ हारग्रोव्ह दिसू लागले.

हुशारीनं केलेलं नुकसान

वेळ वाढला त्याच काळात मैदानावरची हालचालही आटत गेली. त्यामागे आळस नव्हता, बुद्धी होती. २००३ मध्ये मायकेल लुइस यांचं 'मनीबॉल' हे पुस्तक आलं. ओकलंडच्या तुटपुंज्या पैशांच्या संघानं आकडेवारीच्या जोरावर श्रीमंत संघांना कशी टक्कर दिली, याची ती हकिगत. त्यानंतर प्रत्येक संघानं गणिती पदरी ठेवले आणि त्या गणितानं काही रोकडी उत्तरं दिली. एकेरी फटक्यांच्या मागे लागू नका, चेंडू सीमेबाहेर भिरकावण्याचाच, म्हणजे होमरनचाच, प्रयत्न करा. त्या नादात स्ट्राइकआउट झालात तरी चालेल. बेस चोरण्याचा, म्हणजे फटका नसतानाच पुढच्या बेसकडे पळण्याचा, धोका पत्करू नका. पिचरला दोनदा फलंदाजी क्रम दाखवून झाला की काढा आणि ताज्या दमाचा पिचर आणा, जो एकच इनिंग पण जीव तोडून वेगानं टाकेल.

प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर होता. सगळे एकत्र आल्यावर मात्र खेळाचा रंग उडाला. वेगवान चेंडूची सरासरी गती २००८ मध्ये ताशी सुमारे ९२ मैल होती, ती ९४ च्या पुढे गेली. या गतीनं हातातून सुटलेला चेंडू प्लेटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतो. आपली पापणी मिटून उघडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यातला अर्धा वेळ चेंडू ओळखण्यात जातो. मारायचा की सोडायचा हा निर्णय उरलेल्या निमिषात. मग चेंडूला बॅट लागणंच दुर्मीळ होत गेलं. २०१८ हा लीगच्या इतिहासातला पहिला हंगाम ठरला, ज्यात यशस्वी फटक्यांपेक्षा स्ट्राइकआउट जास्त होते: ४१,०१८ फटके आणि ४१,२०७ स्ट्राइकआउट.

त्यात क्षेत्ररचनेची भर पडली. अमुक एक डावखुरा बॅटर बहुतेक फटके उजवीकडेच मारतो, हे संगणकानं सांगितलं की तीन-तीन क्षेत्ररक्षक उचलून त्याच बाजूला उभे केले जायचे. ही 'शिफ्ट' जुनी आहे. १९४६ मध्ये टेड विल्यम्सविरुद्ध ती गाजली होती. पण तेव्हा ती एखाद्या थोर फलंदाजासाठी राखीव असायची, आता ऐऱ्यागैऱ्यासाठीही लागू लागली. जो सणसणीत फटका शंभर वर्षं हमखास एकेरी मानला जायचा, तो आता गवतात उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात अलगद जाऊ लागला.

थिओ एप्स्टिन यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. आकडेवारीच्या युगातले हे सर्वांत यशस्वी व्यवस्थापक. बॉस्टन रेड सॉक्सला ८६ वर्षांनी, २००४ मध्ये, आणि शिकागो कब्जला १०८ वर्षांनी, २०१६ मध्ये विजेतेपद मिळालं, ते त्यांनी बांधलेल्या संघांमुळे. २०२० मध्ये शिकागो सोडताना त्यांनी जाहीरपणे कबूल केलं, की जिंकण्याच्या वाटा शोधताना आपल्यासारख्यांकडून खेळाच्या सौंदर्याला आणि करमणुकीला नकळत धक्का लागला. पुढच्याच वर्षी ते लीगचे सल्लागार म्हणून दुरुस्तीच्या कामाला लागले. ज्यानं कुलूप बनवलं त्यालाच किल्लीचा नेमका घाट माहीत असतो.

घड्याळ येतं

दोन चेंडूंमधल्या वेळेवर मर्यादा असावी, हा नियम खरं तर नियमपुस्तकात अनेक दशकं होताच. कोणताही अंपायर तो पाळायला लावत नसे. त्यामुळे खरा प्रश्न नियम लिहिण्याचा नव्हता, सगळ्यांना दिसेल असं घड्याळ मैदानात टांगण्याचा होता.

ही गोष्ट एका रात्रीत झाली नाही. २०१४ मध्ये ॲरिझोना फॉल लीगमध्ये, म्हणजे होतकरू खेळाडूंच्या शरद ऋतूतल्या स्पर्धेत, पहिला प्रयोग झाला. पुढे मेजर लीगखालच्या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्यांवर घड्याळ आलं. २०२१ मध्ये सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एका लीगमध्ये ते कडक शिस्तीनं वापरलं, तर सामना वीसहून जास्त मिनिटं लवकर आटोपला. २०२२ मध्ये पूर्ण हंगाम खेळणाऱ्या सगळ्या मायनर लीगमध्ये तेच दिसलं. हजारो सामन्यांत तावूनसुलाखून निघाल्यावर २०२३ मध्ये हे घड्याळ मुख्य लीगमध्ये आलं. निर्णय घेणाऱ्या समितीतल्या खेळाडूंच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं होतं, हेही नोंदवायला हवं.

नियम असा: बेसवर कोणी नसेल तर पिचरनं १५ सेकंदांत चेंडू टाकण्याची हालचाल सुरू करायची, कोणी असेल तर २० सेकंदांत. दुसऱ्या वर्षापासून हे २० सेकंदही १८ झाले. बॅटरनं घड्याळात ८ सेकंद उरलेले असताना चौकटीत, पिचरकडे नजर लावून, तयार असायचं. पिचर चुकला तर बॅटरला एक 'बॉल' बक्षीस; बॅटर चुकला तर त्याच्यावर एक स्ट्राइक.

२५ फेब्रुवारी २०२३ रोजी फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्ट इथं अटलांटा ब्रेव्ह्ज आणि बॉस्टन रेड सॉक्स यांचा सराव सामना चालू होता. नववी इनिंग, ६-६ अशी बरोबरी, दोन आउट, तिन्ही बेसवर धावपटू, बॅटरवर तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. यापेक्षा ताणलेला क्षण बेसबॉलमध्ये असूच शकत नाही. बॅटर होता कॅल कॉनली. अंपायरनं अचानक हात वर केला. आपल्याला चौथा बॉल मिळाला, आपण जिंकलो, अशा समजुतीनं कॉनली पहिल्या बेसकडे निघालाही. पण अंपायरनं दिला होता तिसरा स्ट्राइक: घड्याळ आठवर आलं तेव्हा बॅटर तयार नव्हता. तो शेवटचा चेंडू न पडताच सामना बरोबरीत संपला आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

त्या संध्याकाळी अनेकांना वाटलं, आता विश्व मालिकेचा, म्हणजे अंतिम विजेतेपदाच्या लढतीचा, निकालही असाच लागणार. तसं काही झालं नाही. सराव सामन्यांच्या पाच-सहा आठवड्यांत खेळाडूंचे पाय नव्या तालावर पडू लागले. हंगामात बहुतांश सामने एकाही घड्याळ-चुकीविना पार पडले. साडेतीन तास किंवा जास्त चाललेले नऊ इनिंगचे सामने त्या अख्ख्या वर्षात अवघे नऊ होते. बंदिश तीच ठेवून गवयानं लय चढवावी, तसं हे झालं. शब्द आणि स्वर जागच्या जागी, पण ऐकणारा सावरून बसतो.

यामागे एक छोटं यंत्रही होतं, ज्याचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं. पूर्वी कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला कोणता चेंडू टाकायचा ते सुचवायचा. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनं २०१७ मध्ये कॅमेऱ्यातून या खुणा टिपून, कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवल्याचं उघड झालं. मग सगळ्याच संघांनी खुणा इतक्या गुंतागुंतीच्या केल्या की एकेका चेंडूला वेळ लागू लागला. २०२२ मध्ये 'पिचकॉम' आलं: कॅचरच्या मनगटाजवळ बटणांची पट्टी, आणि पिचरच्या टोपीत एक चिमुकला स्पीकर. कॅचर बटण दाबतो, पिचरच्या कानापाशी 'फास्टबॉल, आतल्या बाजूला' असा आवाज येतो. खुणा चोरणं बंद झालं आणि वेळही वाचला. चोरी रोखायला आणलेल्या या उपकरणाशिवाय पंधरा सेकंदांचं घड्याळ पाळणं फार अवघड गेलं असतं.

साडेचार इंचांचं गणित

घड्याळासोबत आणखी दोन बदल आले. शिफ्टवर बंदी आली: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आतले क्षेत्ररक्षक (इनफिल्डर) आणि त्यांचे पाय आतल्या मातीवरच. आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसची गादी १५ इंचांऐवजी १८ इंचांची झाली. त्यामुळे पहिला ते दुसरा बेस हे अंतर साडेचार इंचांनी घटलं. नव्वद फुटांतले साडेचार इंच म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. बेसचोरीचं गणित मांडलं की उत्तर मिळतं.

पिचरची हालचाल सुरू झाल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात पडायला साधारण १.३ सेकंद लागतात. कॅचरनं तो पकडून, उठून, दुसऱ्या बेसवर फेकायला साधारण २ सेकंद. एकूण ३.३ सेकंद. धावपटू आधीच बेसपासून दहा-बारा फूट पुढे सरकून उभा असतो. उरलेलं अंतर कापायला त्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ही शर्यत मुळातच केसाच्या अंतरानं ठरते. सेकंदाला २८ फूट धावणाऱ्या माणसाला साडेचार इंच कापायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा, किंचित जास्त, लागतो. आउट आणि नॉट आउट यांच्यामध्ये अनेकदा एवढीच फट असते.

त्याहून मोठा परिणाम तिसऱ्या एका तरतुदीचा झाला. पूर्वी पिचर पहिल्या बेसकडे हवे तितक्या वेळा चेंडू फेकून धावपटूला मागे हटवू शकायचा. आता एका बॅटरमागे दोनदाच. तिसऱ्यांदा फेकलं आणि धावपटू बाद झाला नाही, तर धावपटूला पुढचा बेस बहाल. या नियमानं एक सुंदर मनोयुद्ध जन्माला आलं. पिचरनं एकदा फेकलं की त्याच्याकडे एकच संधी उरते, दुसऱ्यांदा फेकलं की हात बांधले जातात, आणि धावपटू ते जाणून एकेक पाऊल पुढे सरकतो. वर घड्याळाचे आकडे उतरत असतात, त्यामुळे चेंडू साधारण कधी सुटणार हेही त्याला कळतं. पिचरही मग मुद्दाम शेवटच्या सेकंदापर्यंत थांबतो किंवा दहाव्याच सेकंदाला टाकून मोकळा होतो. पूर्वी प्रेक्षक ज्या वेळात खाद्यपदार्थ आणायला उठायचे, त्याच वेळात आता नाट्य भरलं.

२०२२ मध्ये लीगमध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते. २०२३ मध्ये ३,५०३. चोरीचे दहापैकी आठ प्रयत्न यशस्वी ठरले. अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरनं त्या वर्षी ४१ होमरन मारले आणि ७३ बेस चोरले; चाळीस आणि सत्तर हा जोड त्यापूर्वी कुणालाच जमला नव्हता. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओहतानीनं ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस अशी मजल मारली. १९ सप्टेंबर २०२४ रोजी मायामीत त्यानं पन्नास-पन्नासचा टप्पा ओलांडला, तो सहापैकी सहा फटके यशस्वी, तीन होमरन आणि दोन चोरलेले बेस अशा एकाच सामन्यात.

ओहतानी हा या पुनरुत्थानाचा चेहरा आहे, आणि नियमांनी असा माणूस घडत नाही हेही खरं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, विश्व मालिकेच्या आधीच्या फेरीतल्या सामन्यात, त्यानं पिचर म्हणून सहा इनिंगमध्ये एकही धाव न देता दहा बॅटर स्ट्राइकआउट केले आणि बॅटर म्हणून तीन होमरन मारले. त्यानंतरची डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज यांची विश्व मालिका सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगपर्यंत रंगली. अमेरिका, कॅनडा आणि जपान मिळून तो शेवटचा सामना सुमारे पाच कोटी लोकांनी पाहिला. त्याच मालिकेतला तिसरा सामना अठरा इनिंग चालला होता आणि कुणाचीही तक्रार नव्हती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांना लांब सामन्याचा कंटाळा नव्हताच, लांबवलेल्या सामन्याचा होता.

परंपरा म्हणजे बदलांची साखळी

घड्याळाला विरोध करणारे परंपरेची दुहाई देत होते. पण या खेळाची परंपरा चाळली तर ती दुरुस्त्यांनीच भरलेली दिसते. ६० फूट ६ इंच हे पवित्र वाटणारं अंतर १८९३ मध्ये ठरलं. १९२० मध्ये रे चॅपमन या खेळाडूचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला. त्यानंतर मळका, नीट न दिसणारा चेंडू बदलत राहण्याची शिस्त आली आणि बेब रूथच्या होमरनचं युग बहरलं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि वर्णभेदाची भिंत फुटली; नियमपुस्तकात न लिहिलेली, पण सर्वांत निर्दयपणे पाळली गेलेली ती 'परंपरा' होती.

१९६८ चं वर्ष तर आजच्या प्रश्नाचं जुनं रूप वाटावं असं आहे. सेंट लुइसच्या बॉब गिब्सननं त्या हंगामात नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. मेजर लीगच्या अमेरिकन लीग या गटातला सर्वोत्तम फलंदाज कार्ल यास्ट्रेम्स्की अवघ्या .३०१ सरासरीवर अव्वल ठरला. फलंदाजी गुदमरली. लीगनं पुढच्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइकचा पट्टा लहान केला. धावा परतल्या. पाच इंच माती खरवडून काढली, एवढंच.

याउलट १९९४ चा संप पाहा. मालक आणि खेळाडूंच्या पैशांच्या भांडणात विश्व मालिकाच रद्द झाली आणि प्रेक्षक चिडून दूर गेले. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरच्या ७० आणि सॅमी सोसाच्या ६६ होमरननी ते परत आले खरे, पण त्या आतषबाजीमागे उत्तेजकं होती हे पुढे बाहेर आलं आणि विश्वास पुन्हा तडकला. झगमगाटानं आणलेली गर्दी आणि रचनेत दुरुस्ती करून आणलेली गर्दी यांतला फरक या दोन काळांत दिसतो.

अजून काय करायचं राहिलं आहे

मैदानातलं घड्याळ लागलं. मैदानाबाहेरची काही दारं अजून बंद आहेत. पहिलं दार टीव्हीचं. अनेक दशकं संघांनी आपले सामने स्थानिक केबल वाहिन्यांना विकले आणि प्रत्येक संघाचं एक राखीव क्षेत्र ठरलं. त्या क्षेत्रात राहणाऱ्याला लीगच्या इंटरनेट सेवेवर पैसे भरूनही आपल्याच संघाचा सामना दिसत नसे. आयोवा राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही, पण भोवतालच्या सहा संघांनी त्यावर हक्क सांगितल्यानं तिथल्या चाहत्याला सहा संघ बंद असायचे. ज्या राज्यातल्या मक्याच्या शेतात लीगनं २०२१ मध्ये सणासारखा सामना भरवला, तिथल्याच मुलांना रोजचे सामने दिसू नयेत, हे मला फार खुपतं. २०२३ मध्ये अशा वाहिन्या चालवणारी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सॅन डिएगोसारख्या संघांचं प्रक्षेपण लीगनं स्वतःकडे घेतलं. हे संकट खरं तर सुसंधी आहे. ज्याला पाहायचं आहे त्याला, तो जिथे असेल तिथे, एका ठिकाणी सगळं दिसावं. घड्याळाइतकीच ही सुधारणा तातडीची आहे.

दुसरं दार मुलांचं. अमेरिकेत चांगलं प्रशिक्षण आता महागड्या फिरत्या संघांतून मिळतं. रॉबिन्सनच्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास घसरलं आहे. जो मुलगा कधी खेळलाच नाही, तो मोठेपणी तिकीट का काढेल? वस्तीतल्या मैदानांवर पैसा लावल्याशिवाय आजची गर्दी पुढच्या पिढीपर्यंत टिकणार नाही.

तिसरी गोष्ट न्यायाची. स्ट्राइक की बॉल हे अंपायर डोळ्यांनी ठरवतो आणि आज घरबसल्या प्रेक्षकाला पडद्यावर त्याची चूक तत्काळ दिसते. यंत्रानंच सगळे निर्णय द्यावेत असा एक पर्याय होता. लीगनं मधला, मला अधिक शहाणा वाटणारा मार्ग घेतला. २०२६ च्या हंगामापासून प्रत्येक संघाला दोन आव्हानं: बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच, बाकावरून कुणी न सुचवता, टोपीवर हात टेकवायचा, की कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग मोठ्या पडद्यावर उमटतो. आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. निर्णय अचूक होतो आणि आव्हान कधी खर्चायचं हे नवं कौशल्यही जन्मतं.

आणि शिकण्यासारखं एक उदाहरण लीगच्या कुंपणाबाहेरही आहे. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात पिवळा सूट घालून फिरणाऱ्या जेसी कोल यांनी 'सव्हाना बनानाज' हा संघ उभा केला. त्यांच्या 'बनाना बॉल'मध्ये सामन्याला दोन तासांची मर्यादा आहे, खेळाडू चेंडूंच्या मध्ये नाचतात, आणि प्रेक्षकानं फाऊल चेंडू हवेत झेलला तर बॅटर बाद! एप्रिल २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसनचं फुटबॉल मैदान त्यांनी ८१ हजार लोकांनी भरून दाखवलं. मुख्य लीगनं नाच उचलायची गरज नाही. उचलायची ती वृत्ती: तिकीट काढून आलेल्या माणसाचा एकही क्षण आपण फुकट घालवायचा नाही.

हा धडा आपल्यापर्यंतही आला आहे. डिसेंबर २०२३ पासून मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचं घड्याळ लागलं, आणि पुढे ते कसोटीतही आलं. दोन्ही खेळांची गाठ आणखी एका जागी पडली, आणि ती मुंबईत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली होती. क्रिकेट आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्यावर तिथेच शिक्कामोर्तब झालं.

म्हणून २०२८ मध्ये क्रिकेटसाठी टीव्ही लावाल, तेव्हा एखादा बेसबॉल सामनाही जरूर पाहा. होमरन तर कुणालाही दिसेल. तुम्ही पहिल्या बेसवरच्या धावपटूकडे लक्ष ठेवा. पिचरनं दोनदा त्याच्याकडे चेंडू फेकला असेल, तर तो आता किती पावलं पुढे सरकतो ते मोजा. मेजर लीगच्या सामन्यात त्यासोबत घड्याळाचे उतरते आकडेही दिसतील. हे सगळं पाहता आलं, की दोन चेंडूंमध्ये डोळा लागण्याची तुम्हाला मुळीच भीती नाही.